मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवल्यावर चाक अडत किंवा घासत असेल तर काय करावे

मागच्या एक्सलवरचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवताना खरा वेळ कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) आवळण्यात जात नाही. तो त्यानंतर जातो: चाक चढवायला घ्यावे तर ते बसत नाही, किंवा बसते पण हाताने फिरवताना कुठेतरी खरखरते. ड्रम गोल आणि बंदिस्त असल्यामुळे चाकाच्या पोकळीत सहज सामावतो. कॅलिपर मात्र एका बाजूला बाहेर डोकावतो, आणि त्याच्यासाठी मूळ चाकात, शॉक ॲब्सॉर्बरजवळ किंवा स्प्रिंगच्या पाट्यांजवळ कोणीही जागा राखून ठेवलेली नसते. या कामातून गेलेल्या बहुतेकांप्रमाणे मलाही पहिला सल्ला मिळाला तो ‘स्पेसर टाका’, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये चकती घालून चाक बाहेर सरकवा, असाच. हा सल्ला कधी कधी बरोबर असतो, पण तो निदान झाल्यावर घ्यायचा असतो. म्हणून कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी नेमके कोणते दोन भाग, कोणत्या दिशेने आणि कोणत्या स्थितीत एकमेकांना लागतात हे शोधून काढावे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावलेल्या आहेत.

हाताशी काय काय असावे

मोजमापासाठी व्हर्नियर कॅलिपर, फीलर गेज, लोखंडी पट्टी आणि शक्य झाल्यास चुंबकी स्टँडसह डायल गेज लागेल. कामासाठी टॉर्क रेंच, भक्कम जॅक स्टँड, चाकाखाली लावायच्या पाचरी, तारेचा ब्रश, बारीक कानस, मार्कर आणि मुलांच्या खेळण्यातली मऊ रंगीत क्ले घ्यावी. हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असेल, तर पिस्टन फिरवत आत बसवण्याचे हत्यारही लागते, कारण तसा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही.

कागदपत्रांपैकी गाडीची मूळ दुरुस्ती पुस्तिका, ब्रॅकेट (कॅलिपर एक्सलला जोडणारा भाग) व कॅलिपरचे मापांसहित रेखाचित्र, डिस्कचा किमान जाडीचा आकडा आणि चाकाचा व्यास, रुंदी व ऑफसेट (हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते अंतर) या नोंदी जवळ ठेवाव्यात. ब्रेकमधील बदलाची नोंद किंवा तपासणी आवश्यक असेल, तर तिचे नियमही कामाआधी पाहून घ्यावेत.

१. गाडी उभी करताना

मागची बाजू उचललेली असते आणि हँडब्रेकची केबल सुटलेली असते, म्हणजे गाडी जागेवर धरून ठेवणारे फारसे काही उरत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्यात आणि वजन जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावे. तपासणीत चाक नेहमी हाताने फिरवावे. इंजिन सुरू करून गिअरमध्ये चाक फिरवण्याचा मोह टाळावा, कारण अडकलेली वस्तू हाताला जाणवते, इंजिनाला जाणवत नाही.

२. आवाजावरून आणि खुणांवरून जागा शोधा

घासण्याचा आवाज नीट ऐकला तर निम्मे निदान तिथेच होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच टक् किंवा खर्र असा आवाज येत असेल, तर फिरणाऱ्या भागावरचा एखादा उंचवटा स्थिर भागाला लागतो आहे. तो उंचवटा म्हणजे रिमच्या आत चिकटवलेले बॅलन्सिंगचे वजन असेल, किंवा डिस्क वाकडी बसली असेल. आवाज अखंड येत असेल, तर पॅड ओढत आहेत, धूळपत्रा डिस्कला लागला आहे किंवा कॅलिपर पूर्ण परिघावर रिमला घासतो आहे. आवाज फक्त खड्ड्यात किंवा मागे माणसे बसल्यावर येत असेल, तर सस्पेन्शन दबताना काहीतरी जवळ येते. वळणावरच येत असेल, तर एक्सलची आत-बाहेर चाल, बेअरिंगमधील ढिलेपणा किंवा टायरजवळून जाणारा ब्रेक होज (ब्रेकची लवचिक नळी) यांच्याकडे पाहावे.

कानानंतर डोळ्यांचे काम. संशयित जागेवर मार्करने पट्टे ओढावेत, चाक दोन नटांवर बसवून हळूहळू दोन-तीन फेरे द्यावेत आणि पट्टा कुठे पुसला गेला ते पाहावे. शक्य असल्यास ही तपासणी टायर नसलेल्या मोकळ्या रिमवर करावी. आतल्या बाजूने बॅटरीचा उजेड टाकला की कॅलिपर आणि रिम यांच्यामधली फट सरळ दिसते.

३. डिस्क हबवर सपाट बसली आहे का

अनेकदा दोष कॅलिपरच्या माथी मारला जातो आणि प्रत्यक्षात डिस्क एका बाजूने किंचित उचललेली असते. ड्रम जागेवर धरण्यासाठी स्टडवर (चाकाचे नट ज्यांवर चढतात त्या आट्यांच्या दांड्यांवर) बसवलेल्या पातळ पत्र्याच्या कड्या काढायच्या राहून गेल्या असतील, तर डिस्क त्यांच्यावर टेकते. एक्सल फ्लँजवरचा (डिस्क जिच्यावर टेकते त्या एक्सलच्या चकतीवरचा) गंज हेही नेहमीचे कारण आहे. तारेच्या ब्रशने फ्लँज चकचकीत होईपर्यंत साफ करावा आणि मधल्या गोल उंचवट्याच्या मुळाशी साचलेला गंज विशेष लक्ष देऊन काढावा, कारण डिस्कच्या छिद्राची कड नेमकी तिथेच टेकते.

यानंतर डिस्क हाताने ढकलून बसवावी. ती ठोकावी लागत असेल, तर मधले छिद्र लहान आहे किंवा डिस्कच्या टोपीचा (मधल्या फुगीर भागाचा) आतला व्यास फ्लँजपेक्षा कमी आहे. असे असेल तर लेथवर काम करून घेणे किंवा योग्य मापाची डिस्क आणणे हेच उपाय उरतात. नट आवळून डिस्क ओढून बसवू नये. याउलट छिद्र मोठे असेल, तर डिस्क मध्यापासून सरकून बसते, म्हणून मधली फट भरणारी कडी वापरावी.

डिस्क सपाट बसल्यावर सर्व नट सपाट वॉशर लावून आवळावेत आणि डायल गेजने डिस्कचा डोल (फिरताना तिचे आत-बाहेर हलणे) मोजावा. दुरुस्ती पुस्तिकांमध्ये ही मर्यादा साधारणपणे ०.०५ ते ०.१० मि.मी. दिलेली असते, आपल्या डिस्कसाठी दिलेला आकडाच प्रमाण मानावा. डोल जास्त निघाल्यास डिस्क एका स्टडने पुढे फिरवून पुन्हा मोजावी, कारण फ्लँजचा आणि डिस्कचा डोल कधी एकमेकांत मिळतो, तर कधी एकमेकांना कापतो.

इथे आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ड्रममागची पत्र्याची बॅकप्लेट काढून तिच्या जागी ब्रॅकेट बसवले असेल, तर दोघांची जाडी मोजावी. काही एक्सलमध्ये बेअरिंग दाबून धरणारी पट्टी याच थरावर आवळली जाते, आणि जाडी बदलली की बेअरिंगची पकड बदलते. काही एक्सलमध्ये शाफ्ट आतून सी-आकाराच्या कडीने अडकवलेला असतो आणि त्याला आत-बाहेर थोडी चाल असते. ड्रमला ही चाल सहज चालते. डिस्क मात्र शाफ्टबरोबर सरकते आणि पॅड मागे ढकलते, त्यामुळे वळणानंतर ब्रेकचे पेडल पहिल्या दाबाला खोल जाते. सरकता कॅलिपर (एकाच बाजूला पिस्टन असलेला, स्वतः आत-बाहेर सरकणारा) ही चाल काही प्रमाणात पचवतो. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या स्थिर कॅलिपरला ती चालत नाही.

४. डिस्क कॅलिपरच्या मध्यावर आणा

पॅड काढून ठेवावेत, ब्रॅकेट आवळावे आणि डिस्कपासून ब्रॅकेटच्या आतील व बाहेरील बाजूचे अंतर व्हर्नियरने मोजावे. समजा आतल्या बाजूला ६.४ मि.मी. आणि बाहेरच्या बाजूला ४.० मि.मी. अंतर आले. फरक २.४ मि.मी. आहे, म्हणजे ब्रॅकेट त्याच्या निम्म्याने, १.२ मि.मी. बाहेर सरकवायला हवे. हे काम ब्रॅकेट आणि एक्सल यांच्यामध्ये पोलादी शिम (पातळ चकत्या) घालून होते. दोन्ही बोल्टांखाली सारख्याच जाडीचे शिम घालावेत, नाहीतर कॅलिपर तिरका बसतो आणि पॅड पाचरीसारखे झिजतात. सरकत्या कॅलिपरमध्ये अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नाही. स्थिर कॅलिपरमध्ये मात्र मी ०.२५ मि.मी.च्या आत आल्याशिवाय पुढे जात नाही.

बाजूंइतकेच उंचीकडेही लक्ष द्यावे. पॅडची वरची कड डिस्कच्या कडेबरोबर किंवा किंचित आत असावी. पॅड डिस्कबाहेर डोकावत असेल, तर तेवढा भाग न झिजता राहतो, आणि पॅड झिजल्यावर दोन्ही पॅडच्या त्या कडा एकमेकींना भिडून ब्रेकची पकड कमी होते. पॅड फार खाली असेल, तर तो डिस्कच्या टोपीच्या वळणाला घासतो.

डिस्कची बाहेरची कड आणि कॅलिपरचा वरचा भाग यांमध्येही मोकळीक हवी, कारण लोखंडी डिस्क तापल्यावर फुगते. २८० मि.मी. व्यासाची बिडाची डिस्क ४०० अंश सेल्सिअसने तापली, तर तिचा व्यास सुमारे १.२ मि.मी. वाढतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.६ मि.मी.ने. थंड असताना तिथे कागदाएवढी फट दिसत असेल, तर उतारावर ती उरणार नाही. मी किमान २ मि.मी. ठेवतो.

५. कॅलिपर आणि चाक

बहुतेकांचे काम इथेच अडते, म्हणून इथे सावकाश जावे. चाकाशी कॅलिपरची गाठ दोन ठिकाणी पडते. एक, रिमच्या आतल्या गोल भिंतीशी. हा व्यासाचा अडथळा. दुसरी, आऱ्यांच्या पाठीशी. हा खोलीचा अडथळा. दोन्हींची लक्षणे सारखी वाटतात, पण उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेक वेळ व पैसा यांची गल्लत केल्यामुळेच वाया जातो.

कॅलिपरच्या आऱ्यांकडील सर्वांत बाहेरच्या कोपऱ्यावर, रिमच्या भिंतीकडील पाठीवर आणि बँजो बोल्टच्या (होज कॅलिपरला जोडणाऱ्या बोल्टच्या) डोक्यावर क्लेचे वाटाण्याएवढे गोळे चिकटवावेत. रिमच्या आतल्या भिंतीला थोडे तेल पुसावे म्हणजे क्ले तिला चिकटणार नाही. चाक बसवून सर्व नट समोरासमोरच्या क्रमाने आधी हाताने आणि मग पान्याने बेताने आवळावेत, चाक एक पूर्ण फेरा फिरवावे आणि काढावे. दबलेल्या क्लेवर आऱ्याच्या कडेची रेघ उमटलेली दिसते. तो गोळा ब्लेडने मधोमध कापून उरलेली जाडी व्हर्नियरने मोजली की फटीचा आकडा हातात येतो. कोपऱ्यावर १.५ मि.मी. आणि पाठीवर ५ मि.मी. आले, तर अडचण आऱ्यांची आहे. पाठीवर क्ले पारदर्शक होईपर्यंत दबली असेल, तर ती रिमच्या व्यासाची आहे. माझ्या मते दोन्हीकडे किमान ३ मि.मी. असावेत. वळणावर चाकाला ताण बसला की रिम किंचित वाकते, आणि रिममध्ये अडकलेला एखादा खडाही तेवढ्या जागेतून निघून जाऊ शकतो.

मोजणी नव्या पॅडवर करावी. सरकत्या कॅलिपरमध्ये पॅड झिजतात तसा कॅलिपरचा देह गाडीच्या आतल्या बाजूला सरकत जातो, म्हणजे आऱ्यांकडची फट वाढते आणि शॉक ॲब्सॉर्बरकडची कमी होते. झिजलेल्या पॅडवर मोजून ‘बसते’ म्हणून समाधान मानले, की पुढच्या वेळी नवे पॅड घातल्यावर चाक अडते. हा सापळा फार जणांना उशिरा कळतो.

व्यासाचा अडथळा असेल, तर आधी रिमच्या आत चिकटवलेली वजने पाहावीत. अनेकदा तीच लागत असतात, आणि ती कॅलिपरच्या रेषेबाहेर हलवून पुन्हा बॅलन्सिंग केले की प्रश्न मिटतो. तरीही घासत असेल, तर मोठे चाक किंवा लहान डिस्क व तिच्या मापाचे ब्रॅकेट हाच सरळ उपाय आहे. इथे एक गैरसमज दूर केलेला बरा: पंधरा इंची चाक म्हणजे आत ३८१ मि.मी. मोकळी जागा नव्हे. तो आकडा टायर बसतो त्या कडेचा ढोबळ व्यास आहे. आतली पोकळी त्याहून बरीच लहान असते, आणि एकाच मापाच्या पत्र्याच्या व मिश्रधातूच्या चाकांत ती वेगवेगळी निघते. टायर चढवता यावा म्हणून रिमच्या मध्ये एक खोलगट पट्टा असतो आणि तिथे पोकळी आणखी अरुंद होते. कॅलिपर नेमका त्या पट्ट्याखाली आला असेल, तर चाक थोडे बाहेर सरकल्याने तो रुंद भागाखाली येऊ शकतो. व्यासाच्या अडथळ्यावर स्पेसर उपयोगी पडतो तो एवढ्याच प्रसंगी.

खोलीचा अडथळा असेल, तर आऱ्यांचा बाक पाहावा. ऑफसेट सारखा असलेल्या दोन चाकांतही आऱ्यांची पाठ वेगळी वळलेली असते, म्हणून नुसता ऑफसेटचा आकडा जुळवून चाक विकत घेऊ नये. कॅलिपरच्या रेखाचित्रावरून पुठ्ठ्याचा आकार कापून तो चाकात प्रत्यक्ष धरून पाहावा.

कानस चालवण्याबद्दल लोक हमखास विचारतात. कॅलिपरच्या ओतीव कामातून राहिलेली बाहेरची धारदार कड कानशीने बेताने मोडायला माझी हरकत नाही. दोन बाजूंना जोडणारा वरचा भाग, पिस्टनभोवतीची भिंत आणि द्रव जाणाऱ्या वाहिनीजवळचा भाग यांना मात्र हात लावू नये, कारण ब्रेक दाबताना संपूर्ण ताण तिथेच येतो. चाक घासून जागा करणे तर विचारातही आणू नये.

आणि स्टेपनी विसरू नये. ती बहुतेकदा पत्र्याची, कधी मूळ चाकांपेक्षा लहान मापाची असते. रस्त्यात रात्री चाक बदलताना ती कॅलिपरवर बसत नाही हे कळण्यापेक्षा आज एकदा चढवून पाहिलेले बरे.

६. स्पेसर घालायचाच असेल तर

अडथळा आऱ्यांचाच आहे आणि ३ ते ५ मि.मी.मध्ये काम भागते हे मोजून ठरले असेल, तर स्पेसर योग्य आहे. पण त्यानंतर तीन गोष्टी पुन्हा तपासाव्या लागतात.

पहिली, स्टडची लांबी. डिस्कची टोपी ड्रमच्या पत्र्याहून जाड असेल, तर स्पेसरच्या आधीच स्टड थोडा कमी पडलेला असतो. नट स्टडच्या व्यासाएवढ्या लांबीवर तरी आट्यांत गुंतला पाहिजे, १.५ मि.मी. अंतराच्या आट्या असलेल्या १२ मि.मी. स्टडवर हे नटाचे पूर्ण ८ फेरे होतात. त्याहून कमी फेरे होत असतील, तर लांब स्टड बसवावेत.

दुसरी, चाकाचे केंद्र. हबचा मधला उंचवटा स्पेसरने झाकला गेला, तर चाक केवळ नटांवर केंद्रित होते आणि वेगात थरथरू शकते. स्वतःचा उंचवटा असलेला, हब आणि चाक या दोन्हींच्या मापाचा स्पेसर घ्यावा. दोन पातळ स्पेसर एकावर एक कधीही रचू नयेत.

तिसरी, टायर आणि मडगार्ड. ५ मि.मी.चा स्पेसर दोन्ही बाजूंना घातल्यावर मागच्या चाकांमधील अंतर १० मि.मी.ने वाढते, गाडी पूर्ण भरल्यावर टायर मडगार्डच्या कडेला लागत नाही ना, हे पाहावे.

७. आतली बाजू: सस्पेन्शन, होज आणि हँडब्रेक

गाडी उचललेली असताना सगळे मोकळे दिसते, कारण एक्सल खाली लोंबकळत असतो. स्प्रिंग काढून, किंवा पाट्यांची गाडी असल्यास एक्सलखाली जॅक लावून, एक्सल पूर्ण खालपासून रबरी थांब्यापर्यंत वर न्यावा. जॅकने एक्सल वर नेताना गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली, तर तिथेच थांबावे. मग एकच बाजू वर घेऊन दुसरी खाली सोडावी. एकसंध एक्सल तिरका झाला की कॅलिपर शॉक ॲब्सॉर्बरकडे झुकतो. पॅड झिजल्यावर कॅलिपर जेवढा आत सरकणार, तेवढी जागा याशिवाय शिल्लक हवी.

कॅलिपर एक्सलच्या मागे अडत असेल, तर तो पुढच्या बाजूला घेता येतो, पण तसे करताना डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे जातो. कारण ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढण्याचे तोंड) नेहमी सर्वांत वरच राहिले पाहिजे. ते खाली गेले तर आत अडकलेली हवा निघत नाही आणि पेडल स्पंजासारखे राहते. बाजू बदलल्यावर कॅलिपरवरचा हँडब्रेकचा दांडा आणि केबल यांची दिशाही बदलते, तेव्हा दांडा पूर्ण ओढलेल्या स्थितीत यू-बोल्टला किंवा पाट्यांना लागत नाही, हे वेगळे तपासावे.

सरकत्या कॅलिपरला थेट धातूची नळी जोडू नये. कॅलिपर प्रत्येक दाबाला हलतो आणि नळीला कालांतराने तडा जातो. शेवटचा तुकडा लवचिक होजचाच असावा. एक्सल पूर्ण खाली असताना तो ताणला जाऊ नये, पूर्ण वर असताना टायरजवळ फुगू नये आणि कोणत्याही स्थितीत पिळलेला राहू नये. फिरत्या भागांपासून किमान २० मि.मी. अंतर ठेवावे आणि होज त्याच्या क्लिपनेच बांधावा. प्लास्टिकची पट्टी एक्झॉस्टजवळ वितळते.

८. पॅड आणि डिस्कमधली फट

बाहेरून सगळे मोकळे असूनही चाक जड फिरत असेल, तर अडथळा पॅडचाच आहे. ब्रेक सोडल्यावर पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील पिस्टनला अगदी थोडे मागे ओढते. ही फट इतकी लहान असते की कुठेही थोडासा दाब शिल्लक राहिला की ती नाहीशी होते. ड्रमच्या ब्रेकसाठी असलेल्या काही मास्टर सिलिंडरमध्ये किंवा मागच्या लाइनमध्ये सुमारे ०.७ बार दाब राखणारी झडप असते. डिस्कसाठी ती काढावी लागते, अन्यथा पॅड कायम टेकलेले राहतात.

दुसरे कारण हँडब्रेकची केबल. यंत्रणा कॅलिपरमध्येच असेल, तर केबल सैल सोडून दांडा त्याच्या थांब्यावर पूर्ण टेकतो का ते पाहावे. नटाने केबल आवळून हँडब्रेकचा प्रवास कमी करण्याची घाई केली, तर दांडा थांब्यावर परत येत नाही आणि आपोआप जुळणारी यंत्रणा कामच करत नाही. आधी पेडल अनेकदा दाबून पॅड जागेवर आणावेत, केबल त्यानंतर. फिरवून बसवायच्या पिस्टनच्या तोंडावरची खाच पॅडच्या मागच्या खुंटीशी जुळली नसेल, तर पॅड तिरका बसतो. जुळणी करताना हे आरशाने पाहून घ्यावे.

९. रस्त्यावर नेल्यावर

आधी मोकळ्या जागेत, कमी वेगात, ब्रेक हळू दाबून गाडी थांबवून पाहावी, मग वेग वाढवावा. ब्रेक दाबल्यावर मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होत असतील, तर तो मोकळीकीचा प्रश्न नाही, ब्रेकच्या दाबाच्या वाटणीचा आहे. तो सुटेपर्यंत गाडी वापरू नये. थोडे अंतर गेल्यावर ब्रेक फारसे न वापरता थांबावे आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. हात डिस्कला लावू नये. एक बाजू स्पष्टपणे जास्त गरम असेल, तर आठव्या पायरीकडे परत जावे.

सुमारे १०० कि.मी.नंतर चाकाचे नट आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुस्तिकेतील टॉर्कने पुन्हा तपासावेत, आणि मार्करचे पट्टे पुन्हा ओढून भरलेल्या गाडीने एक फेरी मारावी. यापुढे टायर बदलायला गाडी दिली, की चिकटवायची वजने रिमच्या कोणत्या पट्ट्यात लावायची नाहीत हे आधीच सांगावे, आणि चाक गाडीवर चढवल्यावर निघण्यापूर्वी ते एकदा हाताने फिरवून पाहावे.